काताची बुंकाई कशी काढायची, हेइआन शोदान घेऊन बघू

कराटेच्या बेल्टसाठी काता (ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या मूव्ह) पाठ होतो, पण त्यातली एखादी मूव्ह नेमकी कशासाठी आहे, म्हणजे तिची बुंकाई काय, विचारलं की बहुतेक जण "ब्लॉक आहे" म्हणून मोकळे होतात. तर एक सोपा काता घेऊ, हेइआन शोदान.

आधी डोक्यातला समोरचा माणूस बदला. चार जण चार दिशांना उभे आणि दोन मीटरवरून शिस्तीत ओई-झुकी (पाऊल पुढे टाकून सरळ ठोसा) मारत येतायत, असं रस्त्यावर होत नाही. हेइआन काता, मूळ नाव पिनान, ओकिनावाच्या इतोसु आंको यांनी बसवले, आणि 1908 च्या त्यांच्या पत्रात स्पष्ट आहे की कराटे एकास एक मॅचसाठी नाही, गुंड अंगावर आला तर त्यासाठी आहे. म्हणजे हल्ला कसला धरायचा? मनगट पकडणं, कॉलर धरणं, ढकलणं, नाहीतर आडवातिडवा फिरवलेला ठोसा.

आता कमरेवर जाणारा हात बघा, हिकिते. माझ्या मते अर्धी बुंकाई इथेच सापडते. तो हात रिकामा समजू नका, त्यात समोरच्याचं काहीतरी पकडलेलं आहे असं धरून चाला.

पहिली मूव्ह, डावीकडे वळून गेदान बाराई (हात वरून खाली झाडायचा, ज्याला खालचा ब्लॉक म्हणतात). समजा त्याने उजव्या हाताने तुमचं उजवं मनगट धरलं. मनगट फिरवून उलट त्याचंच मनगट पकडा आणि उजव्या कमरेकडे ओढा, त्याचा हात सरळ होतो, मग कानाजवळून खाली येणारा तुमचा डावा फोरआर्म त्याच्या कोपराच्या जरा वर दाबा. झाला आर्मलॉक. आणि डावीकडे का जायचं तेही कळतं, तुम्ही त्याच्या हाताच्या बाहेरच्या बाजूला जाता, तिथे त्याचा दुसरा हात पटकन पोचत नाही. वळण म्हणजे दरवेळी नवा माणूस आला असं नसतं, बऱ्याचदा त्याच माणसाशी तुम्ही कुठल्या अँगलने उभं राहायचं ते असतं. पुढची ओई-झुकी पण सुटी नाही हां, डाव्या हाताने त्याचा हात ओढून ठेवायचा आणि उजवा ठोसा जबड्यावर.

मागे वळल्यावर गेदान बाराईनंतर हात मागे खेचून गोल फिरवून हातोड्यासारखी मूठ मारतो, ती मनगट सोडवायची मूव्ह, हे तर बऱ्याच क्लासमध्ये शिकवतातच.

मग टेस्ट करा. पार्टनरला सांगा, घट्ट धर, मी ओढलं की तूही ओढ. तो ढिला उभा असतानाच जमत असेल तर ते डेमोपुरतं ठीक. टीम काता स्पर्धेच्या फायनलमध्ये दाखवतात त्या बुंकाईतल्या उड्याबिड्या बघायला भारी वाटतात, पण तिकडून कॉपी करू नका, ते मार्कांसाठी बसवलेलं असतं. आणि अर्थ बसवायला मूव्हमध्ये दोन-तीन जादा स्टेप घुसवाव्या लागत असतील तर तो अर्थ सोडून दुसरा शोधा.

कोपराचा लॉक झटक्याने मारू नका, सावकाश दाबा, पार्टनरने टॅप केलं (हाताने थोपटून थांब म्हटलं) की लगेच सोडा.