आजीच्या आठवणी: कुठलं रेकॉर्डिंग चांगलं, ते असं ठरवा

ओटीवरचं रेकॉर्डिंग चांगलं की माजघरातलं, हे ठरवताना फसायला होतं. जे मोठ्यानं वाजतं, तेच कानाला बरं वाटतं.

१. दोन्हीकडे आजीचं तेच बोलणं अर्धा मिनिट घ्या, मोबाइल वीतभर अंतरावर.

२. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ (आवाजाचा मोठेपणा सारखा करणारी सोय) वापरून दोन्ही तुकडे उणे २३ एलयूएफएसवर आणा. एलयूएफएस म्हणजे कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक.

३. एकाच इयरफोनवर आलटूनपालटून ऐका. कान शब्दांमधल्या शांततेकडे ठेवा. पंख्याची घरघर, कौलांवरचा पाऊस तिथेच उघडा पडतो. मालवणीतले नाकातले उच्चार स्पष्ट येतात ना, तेही बघा. समुद्राची थोडी गाज राहिली तर राहू दे, ती त्या घराचीच आहे. पंखा मात्र बंदच हवा.

हे सगळं कॉपीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका.