प्रबोधनकालीन नाटकांतलं राजकारण वाचायला घेताना

एम.ए.ला हा पेपर घेतला की ‘शेक्सपिअर राजेशाहीच्या बाजूचा की विरोधातला?’ हा प्रश्न लगेच समोर येतो. तो सुरुवातीला बाजूला ठेवा. नाटकात विचार मांडतं ते पात्र. ते कुणासमोर, कुठल्या पेचात बोलतंय, हे पाहिल्याशिवाय त्या विचाराचं वजन कळत नाही. मला हे शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द सेकंड’नं, म्हणजे गादीवरून उतरवल्या गेलेल्या इंग्लंडच्या राजाच्या नाटकानं, शिकवलं, म्हणून नवीन विद्यार्थ्यांना मी तिथूनच सुरुवात करायला सांगते.

राजा देवानं नेमलेला, त्याला माणसं हटवू शकत नाहीत, असं रिचर्ड तिसऱ्या अंकात ठासून सांगतो. चौथ्या अंकात तोच स्वतःच्या अश्रूंनी अभिषेकाचं तेल धुतो, स्वतःच्या हातांनी मुकुट देऊन टाकतो. राज्याभिषेकाचा विधी उलट्या क्रमानं, भर दरबारात. हा प्रसंग १५९७ आणि १५९८च्या छापील प्रतींत नाही, १६०८च्या प्रतीत येतो. तो आधी कापला गेला होता की मागाहून लिहिला गेला, यावर अभ्यासक अजून भांडतात. ७ फेब्रुवारी १६०१ला अर्ल ऑफ एसेक्स या सरदाराच्या समर्थकांनी नटांना चाळीस शिलिंग जादा देऊन रिचर्डच्या पदच्युतीचं नाटक लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात करायला लावलं; बहुतेकांच्या मते ते हेच. दुसऱ्या दिवशी एसेक्सचं राणी एलिझाबेथच्या सरकारविरुद्ध बंड झालं, फसलं, आणि त्याच महिन्यात एसेक्सचा शिरच्छेद झाला. नटमंडळींची चौकशी झाली, शिक्षा मात्र झाली नाही. हे सगळं माहीत करून घेऊन चौथा अंक पुन्हा वाचा, शक्यतो मोठ्यानं. एकच दृश्य राजाबद्दल करुणाही जागवतं आणि राजाला उतरवता येतं हेही दाखवतं. या दोन्ही गोष्टी उत्तरात यायला हव्यात; एक निवडून दुसरी झाकलीत तर हातात घोषणा उरते, नाटक नाही.

सत्ता कशी मिळवावी आणि टिकवावी यावरचं, इटालियन विचारवंत मॅकियाव्हेलीचं ‘द प्रिन्स’ मूळ वाचा, छोटं पुस्तक आहे. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो याच्या ‘द ज्यू ऑफ माल्टा’त मॅकियाव्हेलीच्या नावाचं पात्र येऊन प्रास्ताविक म्हणतं, पण ‘प्रिन्स’चा इंग्रजी अनुवाद छापला गेला तो १६४०मध्ये. तोवर इंग्रज प्रेक्षकांपर्यंत मॅकियाव्हेली पोचला होता तो बराचसा त्याच्या बदनामीतून. पुस्तकातला विचार आणि रंगमंचावरचा खलनायक यांतलं हे अंतर सेमिनारसाठी उत्तम विषय आहे. फ्रेंच निबंधकार माँतेन्य आणि शेक्सपिअरचं ‘द टेम्पेस्ट’ ही जोडीही चांगली, पण तिच्यावर आधीच पुष्कळ लिहून झालंय.

माझं सगळ्यात आवडतं नाटक शेक्सपिअरचं ‘कोरिओलेनस’, प्राचीन रोममध्ये घडणारं. उपाशी नागरिक दंगलीला निघालेत, आणि मेनेनियस हा उमराव त्यांना पोट आणि अवयवांची गोष्ट (अवयव पोटाविरुद्ध बंड करतात, पोट म्हणतं मीच तुम्हा सगळ्यांना अन्न पुरवतो) सांगून शांत करू पाहतो. गाइडमध्ये ही गोष्टच ‘नाटकातला राजकीय विचार’ म्हणून छापलेली असते. त्या गोष्टीच्या आधीच नागरिकानं मेनेनियसला दिलेलं उत्तर वाचा: कोठारं धान्यानं भरलीत आणि आम्हाला उपाशी मारताय, सावकारांच्या सोयीचे कायदे करताय. शेक्सपिअरनं ही कथा घेतली ती प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्ककडून; त्याच्याकडे या पहिल्या उठावाचं कारण सावकारी आहे. शेक्सपिअरनं धान्य पुढे आणलं. १६०७मध्ये इंग्लंडच्या मध्यभागातल्या परगण्यांत, त्याच्या स्वतःच्या वॉरिकशरमध्येसुद्धा, गावाच्या जमिनींना कुंपणं घालण्याविरुद्ध लोक उठले होते आणि धान्य महाग होतं. प्लुटार्कचा थॉमस नॉर्थनं केलेला, शेक्सपिअरनं वापरलेला इंग्रजी अनुवाद शेजारी उघडा ठेवा आणि काय बदललंय ते ओळीओळीनं टिपा. डेझर्टेशनचं पहिलं प्रकरण त्या टिपणांतूनच निघेल.