सोसायटीतली घार ‘लांब नेऊन सोडायची’ आहे? या चुका टाळा

जानेवारी सरला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक तक्रार हमखास येते: गच्चीत कपडे वाळत घालायला गेलं की घार डोक्यावर झडप घालते. मागोमाग तोडगाही येतो. कुणाला तरी बोलवा, पकडा आणि ताम्हिणीच्या जंगलात सोडून या. सुचवणाऱ्याच्या मनात पाप नसतं; मारायचं तर नाहीच, फक्त जागा बदलायची. पण एवढा खटाटोप करूनही गच्चीतली झडप बहुतेक वेळा तशीच राहते. का, ते पाहू.

घार का येते, हे न बघताच माणूस बोलावणं

घारीच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात आणि त्यांचे उपायही वेगळे. हातातला वडापाव किंवा मटणाची पिशवी पळवणारी घार भुकेची आहे. रिकाम्या हाताने गेलं तरी डोक्यावर येणारी घार आई किंवा बाप आहे. आसपास घरटं असतंच. नीलगिरी, वड, नारळ, मोबाईल टॉवर, मैदानावरचा दिव्यांचा खांब असं सगळं नीट न्याहाळा. काटक्या, चिंध्या, तारा, प्लास्टिक यांचा गबाळा ढीग दिसेल. नीटनेटकेपणा हा घारीचा गुण नव्हे.

घार साधारण दोन-तीन अंडी घालते. ती उबवायला महिनाभर लागतो, मग पिल्लं दीड-दोन महिने घरट्यात असतात. झडपा सगळ्यात जास्त याच काळात, पिल्लं घरट्यात असताना पडतात. पिल्लं उडाली की तीच घार तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे सगळा मामला काही आठवड्यांचा असतो, आणि परवानग्यांचे कागद फिरेपर्यंत तो आपोआप मिटलेला असतो.

तोवर काय करायचं? गच्चीचा तो कोपरा बंद ठेवा, कपडे दुसऱ्या बाजूला वाळत घाला, जिन्याच्या दाराशी दोन जुन्या छत्र्या टांगा. घार बहुधा पाठीमागून येते, त्यामुळे उघडी छत्री पुरते. टाकी साफ करायला जाणाऱ्या माणसाला हेल्मेट द्या. त्याला आधी सांगायचंच राहून जातं आणि शिडीवर असताना झडप आली तर खरा अपघात तिथे होतो. दगड मारू नका, काठी फिरवू नका. त्याने तिचा संशय पक्का होतो.

खाऊ घालायचं आणि तक्रारही करायची

नदीकाठी किंवा गच्चीतून घारींना मांसाचे तुकडे उडवणारे लोक आहेत. पुण्य म्हणून असेल, फोटोसाठी असेल. दिल्लीतल्या घारींच्या अभ्यासात आढळलं की जिथे माणसं असं खायला टाकतात आणि उघडा कचरा भरपूर असतो, तिथल्या घारी घरटं राखताना माणसावर जास्त धीटपणे येतात. खायला घालणारा चौथ्या मजल्यावरचा आणि ओरखडा खाणारा सातव्या मजल्यावरचा, असं सोसायटीत सहज घडतं. चिकनच्या दुकानामागचा उघडा पिंप बंद झाला तर जितका फरक पडेल, तितका एक घार हलवून पडणार नाही. ती गेली तरी पिंपाशी दुसरी येईल.

‘लांब सोडली की परत येत नाही’

सगळ्यात पक्का गैरसमज हा. अमेरिकेत वायोमिंगमध्ये मेंढपाळांच्या तक्रारींवरून सोनेरी गरुड पकडून चारशे किलोमीटरहून जास्त लांब नेऊन सोडले होते. त्यातले बहुतेक प्रौढ गरुड आपापल्या मुलखात परतले, कुणी दोन आठवड्यांच्या आत, कुणी काही महिन्यांनी. शिकागोच्या ओ’हेअर विमानतळावरून हलवलेल्या लाल शेपटीच्या ससाण्यांचं तर हिशेबाच्या अंगाने पाहिलं गेलं. सुमारे ८० किलोमीटरवर सोडले काय आणि २०० किलोमीटरवर सोडले काय, परतण्यात विशेष फरक नव्हता. वाढला तो फक्त गाडीचा खर्च. प्रौढ पक्षी तरुणांपेक्षा जास्त परतले, आणि एकदा परतलेला पक्षी पुन्हा हलवला तर तो आणखी खात्रीने परतला. पुणे ते ताम्हिणी हे अंतर घारीच्या पंखांना काहीच नाही. हिवाळ्यात भारतात येणारे तिचे काळ्या कानाचे भाऊबंद तर मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात.

शिवाय ताम्हिणीत तिने खायचं काय? शहरी घार उकिरड्यावर, मंडईमागे, उंदीर-घुशींवर वाढलेली. घाटातल्या जंगलात यातलं फारसं काही नाही, पाऊस मात्र भरपूर.

पक्षी हलवणं कधीच लागू पडत नाही, असं नाही. कॅलिफोर्नियाजवळच्या सांताक्रूझ आणि शेजारच्या बेटांवर सोनेरी गरुड तिथल्या दुर्मीळ बेटकोल्ह्यांचा फडशा पाडत होते. १९९९ ते २००६ या काळात ४४ गरुड पकडून मुख्य भूमीवर, उत्तर कॅलिफोर्नियात नेले आणि कोल्हे सावरले. पण तिथे गरुडांना आधार देणारी रानडुकरंही काढली आणि मुळात तिथले असणारे मत्स्याहारी गरुड परत आणले. नुसती पिंजऱ्याची वाहतूक नव्हती ती.

लोहगावला विमानांना पक्षी धडकण्याचा धोका खरा आहे आणि तिथे घार ही सोसायटीच्या कटकटीपेक्षा फार गंभीर बाब ठरते. तिथेही कायद्याने पहिलं बोट कचऱ्यावरच ठेवलंय: विमान नियम, १९३७ नुसार विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत जनावरं कापणं आणि उघड्यावर कचरा टाकणं यांना मनाई आहे. तो परिघ नकाशावर आखून बघा, निम्मं पुणे आत येतं.

घरटं पाडणं, ‘फांदी छाटणं’

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणं, सापळा लावणं, अंड्यांना इजा करणं, घरट्याला धक्का लावणं हे सगळं तीत येतं. पक्षी दुसऱ्या अधिवासात हलवायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि तीही सरकारची पूर्वसंमती घेऊन. ‘आमच्या ओळखीचा एक पक्षी पकडणारा आहे’ हे वाक्य म्हणून धोक्याचं आहे.

झाडछाटणीचंही तसंच. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी हातात असली तरी वर घरटं असेल तर काम थांबवा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी, घरटं रिकामं झाल्यावर करा. नको असलेली जागा पुढच्या वर्षी टाळायची तर तो काळच योग्य. घारी जुनंच घरटं डागडुजी करून पुन्हा वापरतात.

पिल्लू उचलून घरी आणणं

एप्रिल-मेमध्ये झाडाखाली पिल्लू दिसतं आणि दया अनावर होते. आधी दुरून बघा. अंगावर पिसं आली असतील, दोन्ही पंख सारखे धरून ते उड्या मारत असेल, तर उडायला शिकतंय. कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा, बाकी आईबाप बघतात. नुसती लव असेल आणि जखम नसेल, तर बांबूची टोपली त्याच झाडावर सावलीत घट्ट बांधून त्यात ठेवता येतं. माणसाचा वास लागला म्हणून शिकारी पक्षी पिल्लू टाकत नाहीत.

जखमी असेल तर टॉवेल टाकून उचला, आणि चोचीपेक्षा पंजे सांभाळा. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, अंधार, शांतता. दूध-पाव नको आणि चोचीत पाणी अजिबात ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. संक्रांतीच्या दिवसांत मांजा गुंडाळलेला पक्षी आला तर ओढू नका. दोन्ही बाजूंनी दोरा कापून गुंडाळी तशीच राहू द्या. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा. बावधनला वन्यप्राण्यांचं उपचार केंद्रही आहे.

डक्टमधल्या घुबडासाठी घाईने जाळी मारणं

घारीनंतरची मोठी तक्रार गव्हाणी घुबडाची. रात्री डक्टमधून अर्धवट दाबलेल्या कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार येतो आणि अर्धी विंग अपशकुनाच्या चर्चेत बुडते. तो आवाज भुकेल्या पिल्लांचा असतो. या घुबडाची अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, दोन-तीन दिवसांच्या अंतराने फुटतात. त्यामुळे थोरलं उडालं तरी शेंडेफळ आतच असतं. पहिलं पिल्लू बाहेर दिसलं म्हणून कबुतरांची जाळी मारून घेणारे इथेच फसतात. आत राहिलेलं पिल्लू उपाशी मरतं, आणि मग दुर्गंधीची नवी तक्रार. सलग काही रात्री आवाज पूर्ण थांबलाय, ये-जा दिसत नाही, याची खात्री झाल्यावरच जाळी मारा. घुबड यापुढेही चालणार असेल, फक्त डक्टमध्ये नको असेल, तर जाळीआधी जवळच्या उंच भिंतीवर लाकडी पेटी लावून द्या.

आणि या काळात पेस्ट कंट्रोलवाल्याला उंदरांच्या गोळ्या टाकू देऊ नका. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगत फिरतो आणि घुबडाला आयता सापडतो. ते विष पिल्लांपर्यंत जातं. सापळे लावा, किंवा घुबडांवर सोपवा. एक जोडी पिल्लं वाढवताना रात्रीतून बरेच उंदीर आणते, तेही सोसायटीकडून वार्षिक करार न घेता.