रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटची बोलणी कुठे जाणार, हे आधीच कसं ओळखावं

जुलै उजाडला की एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) चाहत्यांमध्ये एकच वाक्य फिरतं: ‘पोरगा चांगला खेळतो, दहा संघ मागे लागतील, जुना संघ झक मारत पैसे देईल.’ करार संपून कुठेही जायला पूर्ण मोकळ्या झालेल्या खेळाडूच्या बाबतीत हे कधीकधी खरं ठरतं. रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट म्हणजे करार संपलेला, पण दुसऱ्या संघाने दिलेल्या अटी मान्य करून जुना संघ ज्याला ठेवून घेऊ शकतो, असा खेळाडू. त्याच्या बाबतीत मात्र खेळाडूच्या गुणांवरून सुरुवात केलीत, की अंदाज चुकलाच म्हणून समजा. सुरुवात दुसऱ्या संघांच्या खिशापासून करायची.

आधी खेळाडू खरोखर रिस्ट्रिक्टेड आहे का ते बघा. ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा चार वर्षांचा करार संपताना संघाने २९ जूनपर्यंत क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या ठरावीक पगाराचा प्रस्ताव) दिली, तर तो रिस्ट्रिक्टेड. नाही दिली, तर मोकळा. तीन किंवा कमी वर्षं खेळलेल्या इतरांनाही हाच नियम लागू होतो.

मग तारखा लिहून ठेवा. ३० जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा वाजले, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेतीनला बाजार उघडतो. सह्या साधारणपणे ६ जुलैपासून होतात. १३ जुलैपर्यंत संघ क्वालिफाइंग ऑफर मागे घेऊ शकतो आणि खेळाडूला ती १ ऑक्टोबरपर्यंत स्वीकारता येते.

आता सॅलरी कॅपखाली (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेखाली) भरपूर जागा कोणाकडे आहे, ते मोजा. २०२५-२६ साठी कॅप सुमारे १५.४६ कोटी डॉलर होती आणि त्या जुलैत मोठी मोकळी जागा जवळजवळ एकट्या ब्रुकलिन नेट्सकडे होती. त्यांनी ती दुसऱ्यांचे करार पदरात घेऊन ड्राफ्ट पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) मिळवण्यासाठी वापरली. जोनाथन कुमिंगा, जॉश गिडी, क्वेंटिन ग्राइम्स आणि खुद्द ब्रुकलिनचाच कॅम थॉमस हे चौघे सप्टेंबर येईपर्यंत का लटकले, याचं उत्तर इथेच आहे. त्यांचे पॉइंट आणि असिस्ट मोजत बसलेल्यांना ते सापडलं नाही.

खरी मेख आहे ती ऑफर शीटची. हा टप्पा माझ्या डोक्यात सगळ्यांत उशिरा उतरला, म्हणून इथे सावकाश वाचा.

दुसरा संघ खेळाडूशी किमान दोन वर्षांची ऑफर शीट (कराराचा लेखी प्रस्ताव) सही करतो. जुना संघ तेवढ्याच अटींवर ती मॅच करू शकतो, म्हणजे तोच करार देऊन खेळाडू ठेवून घेऊ शकतो. निर्णयासाठी त्याच्याकडे फार तर दोन दिवस असतात. २०१७ पूर्वी तीन असत. तोवर ऑफर देणाऱ्याच्या कॅपमधली तेवढी रक्कम अडकून पडते. फ्लॅटचा इसार देऊन बसायचं आणि पहिला हक्क मात्र आधीच्या भाडेकरूचा, असा हा व्यवहार. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एवढ्या वेळात बाकीचे चांगले खेळाडू निघून जातात आणि शेवटी जुना संघ मॅच करतो. ब्रुकलिनने २०१६ मध्ये टायलर जॉन्सनला ५ कोटी डॉलरची आणि ॲलन क्रॅबला ७.५ कोटींची, तर २०१७ मध्ये ऑटो पोर्टरला १० कोटींवरची ऑफर शीट दिली. तिन्ही मॅच झाल्या. क्रॅब वर्षभराने ट्रेडमधून (संघांमधल्या अदलाबदलीतून) ब्रुकलिनकडे आला, ती गोष्ट वेगळी.

म्हणून ‘अमुक संघाला तो आवडतो’ या बातमीला शून्य किंमत द्या. जुन्या संघाला मॅच करणं झेपेल का, एवढंच बघा. लक्झरी टॅक्स (जास्त पगार देणाऱ्या संघावरचा दंड) किती बसेल, ॲप्रनची रेषा (त्याच्याही वरची, ओलांडली की निर्बंध येणारी पगारमर्यादा) किती जवळ आहे, त्याच जागी दुसरा खेळाडू आहे का? २०१७ मध्ये अटलांटाने टिम हार्डवे ज्युनियरला आणि २०२० मध्ये सॅक्रामेंटोने बोगदान बोगदानोविचला सोडलं, पण असे प्रसंग थोडे. ‘ऑफर कितीही मोठी आली तरी आम्ही मॅच करू’ हे जुन्या संघाचं विधानसुद्धा भाकीत म्हणून वाचू नका. इतरांनी ऑफरच देऊ नये, यासाठी ते केलेलं असतं.

एका चुकीच्या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो: ‘तिसऱ्या वर्षाचा पगार फुगवून टाका, जुना संघ घाबरेल.’ २०१२ मध्ये ह्यूस्टनने जेरेमी लिनसाठी हेच केलं. पहिली दोन वर्षं पन्नास लाखांच्या आसपास, तिसऱ्या वर्षी जवळजवळ दीड कोटी. न्यूयॉर्कने हात आखडता घेतला. पण ही सोय एक-दोन वर्षंच खेळलेल्यांसाठी आहे. २००३ मध्ये गिल्बर्ट अरिनास गोल्डन स्टेटच्या हातून निसटला, त्यानंतर आलेल्या नियमातून ती निघाली. चार वर्षं खेळलेल्या पहिल्या फेरीच्या खेळाडूला ती लागू होत नाही.

रकमेपेक्षा मुदत आणि पर्याय नीट वाचा, कारण मॅच करणाऱ्याला अटीही जशाच्या तशा घ्याव्या लागतात. २०१४ मध्ये शार्लटने गॉर्डन हेवर्डला चार वर्षांसाठी ६.३ कोटी देऊ केले, त्यात शेवटचं वर्ष खेळाडूच्या मर्जीवर. युटाने मॅच केलं, आणि २०१७ मध्ये हेवर्ड बॉस्टनला निघून गेला. स्वतः बोलणी केली असती, तर युटाला पाच वर्षांचा करार देता आला असता. शिवाय मॅच केलेल्या खेळाडूला वर्षभर त्याच्या संमतीविना ट्रेड करता येत नाही, आणि ऑफर देणाऱ्या संघाकडे तर मुळीच नाही. २०२२ मध्ये फीनिक्सने डिअँड्रे एटनसाठी इंडियानाची १३.३ कोटींची ऑफर मॅच केली. सप्टेंबर २०२३ मध्ये तो गेला, तो पोर्टलंडला.

साइन-अँड-ट्रेडच्या (जुन्या संघाने सही करून लगेच खेळाडू दुसरीकडे पाठवण्याच्या) अफवा सोडून द्या. घेणाऱ्या संघावर पहिल्या ॲप्रनची सक्त मर्यादा येते आणि मोठ्या पगारवाढीत देणाऱ्याच्या हिशेबात बऱ्याचदा खेळाडूचा निम्माच पगार धरला जातो, म्हणून दोन्ही बाजूंचे पगार जुळवणं कठीण जातं.

ऑफर शीट आलीच नाही, तर ऑगस्ट शांत जातो आणि खेळाडूच्या हातात एकच हत्यार उरतं: क्वालिफाइंग ऑफर घेऊन एक वर्ष खेळायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात मोकळं व्हायचं. त्या वर्षी संमतीविना त्याला ट्रेडही करता येत नाही. ग्रेग मन्रोने २०१४ मध्ये डेट्रॉइटची सुमारे ५५ लाखांची ऑफर घेतली आणि पुढच्या वर्षी मिलवॉकीकडून ५ कोटी मिळवले. नर्लेन्स नोएलने २०१७ मध्ये डॅलसकडून सुमारे ४१ लाखांवर सही केली, अंगठ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या वर्षी तो ओक्लाहोमा सिटीत किमान पगारावर खेळत होता. माझं मत पक्कं आहे: संघ वर्षाला क्वालिफाइंग ऑफरच्या दुपटीहून जास्त देत असेल, तर खेळाडूने घ्यावं. ग्राइम्स आणि थॉमस यांनी एका वर्षाची वाट धरली. गिडीने थांबून शिकागोकडून चार वर्षांचे १० कोटी घेतले, आणि कुमिंगाने अगदी शेवटी दोन वर्षांसाठी ४.८५ कोटींपर्यंतचा करार घेतला, ज्यात दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर होतं.

१ ऑक्टोबर उलटला म्हणून खेळाडू सुटला, असं मात्र धरू नका. क्वालिफाइंग ऑफर संपते, जुन्या संघाचा मॅच करण्याचा हक्क संपत नाही. २०१५ मध्ये ट्रिस्टन थॉम्पसनने ती मुदत जाऊ दिली, सराव शिबिरालाही गेला नाही, आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात क्लीव्हलंडकडूनच पाच वर्षांचे ८.२ कोटी घेतले.