नोटिफिकेशन एकाचं, फोन वाजला भलत्याचाच: या चुका टाळा

बेळगावच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी आम्ही वेब ॲप केलं होतं. बटाट्याचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या फोनवर लगेच दर दिसावा, एवढंच काम. पहिल्याच दिवशी एकाचा दर सगळ्यांच्या फोनवर गेला आणि दुपारपर्यंत दुकानात गर्दी: "काय ओ, त्याला जास्त आणि आम्हाला कमी?"

चूक एका ओळीची. सॉकेट.आयओ आणि सिग्नलआर या सर्व्हरवरून ब्राउझरला लगेच निरोप पाठवणाऱ्या लायब्रऱ्या. सॉकेट.आयओमध्ये 'आयओ.एमिट' लिहिलं की जोडलेल्या सगळ्यांना जातं, सिग्नलआरचं 'क्लायंट्स.ऑल' तेच करतं. चाचणीत हे कळत नाही, कारण तेव्हा जोडलेले तुम्ही एकटेच असता. दोन वेगळ्या खात्यांनी, दोन वेगळ्या ब्राउझरांत लॉगिन करून तपासा.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. प्रत्येकाचा सॉकेट आयडी, म्हणजे लायब्ररी जोडणीला देते तो क्रमांक, डेटाबेसात लिहून ठेवला. पण तो आयडी माणसाचा नसतोच, त्या एका जोडणीचा असतो. पान रिफ्रेश केलं की नवा. दुसरा टॅब उघडला की आणखी एक, आणि आमच्या कोडमध्ये तो आधीच्यावर लिहिला जायचा. म्हणजे दुकानातल्या कॉम्प्युटरवर वाजायचं, खिशातल्या फोनवर नाही. त्यापेक्षा प्रत्येक वापरकर्त्याची एक रूम, म्हणजे जोडण्यांचा गट, करा, त्याची प्रत्येक जोडणी तिच्यात घाला आणि निरोप रूमला पाठवा. तुटलेली जोडणी रूममधून आपोआप बाहेर पडते.

रूमला नाव मात्र डेटाबेसातल्या आयडीचं द्या. आमच्याकडे "ओ पाटील" अशी हाक मारली तर निम्मी गल्ली वळून बघते. सिग्नलआरमध्ये वापरकर्त्याचा आयडी लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांतही फरक करतो, तिथं तर ईमेल वापरताना जपूनच.

आणि हा आयडी ब्राउझरकडून मागू नका. 'मी 112 नंबरचा, मला माझ्या रूममध्ये घ्या' असं पानानं सांगितलं आणि सर्व्हरनं ऐकलं, तर उद्या कुणीही 113 म्हणेल आणि शेजाऱ्याचा हिशेब वाचेल. जोडणी होतानाच सेशन किंवा टोकन, म्हणजे लॉगिनची खूण, तपासून आयडी सर्व्हरनंच काढायचा. ही चूक फोन चुकीचा वाजवत नाही, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातच येत नाही. माझ्या मते सगळ्यांत महागडी चूक हीच.

पुढची तक्रार खानापूर तालुक्यातून आली. जांबोटी, कणकुंबीकडं रस्ता जंगलातून जातो, रेंज येते-जाते. सॉकेट.आयओचा सर्व्हर मुळात दर 25 सेकंदांनी पिंग करतो, म्हणजे 'आहेस का?' विचारतो, आणि उत्तराची 20 सेकंद वाट बघतो. म्हणजे रेंज गेलेला माणूस पाऊण मिनिटापर्यंत 'ऑनलाइन' दिसू शकतो, आणि त्या वेळात पाठवलेलं हवेत जातं. जोडणी तुटलेल्यासाठी सर्व्हर आपणहून निरोप राखूनही ठेवत नाही. रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसाच्या पब-सबचंही (ऐकणाऱ्यांना निरोप वाटायची सोय) तेच: ऐकणारा नसेल तर निरोप गेला. म्हणून नोटिफिकेशन आधी डेटाबेसात लिहा, मग सॉकेटवर पाठवा. सॉकेट फक्त दारावरची बेल. फोन पुन्हा जोडला गेला की शेवटच्या वाचलेल्या आयडीनंतरचं सगळं मागून घेऊ द्या.

घरच्या लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर नाही? ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये वेबसॉकेटच्या (सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीच्या) विनंतीला 101 उत्तर आलं का बघा. नसेल तर एनजिनएक्सकडून, म्हणजे ॲपच्या पुढं बसून विनंत्या आत सोडणाऱ्या सर्व्हरकडून, अपग्रेडचे हेडर (जोडणी वेबसॉकेटवर बदलायची सूचना) पुढं जात नसतील. जोडणी बरोबर मिनिटाभरानं तुटत असेल तर एनजिनएक्सचा मूळचा 60 सेकंदांचा रीड टाइमआउट (वाट बघायची मर्यादा) बघा. आणि दोन सर्व्हर लावल्यावर 400 चा एरर, 'सेशन आयडी अननोन' येत असेल, तर लोड बॅलन्सरवर (विनंत्या सर्व्हरांत वाटणाऱ्यावर) स्टिकी सेशन नाही, म्हणजे एकाच माणसाच्या विनंत्या एकाच सर्व्हरकडं जात नाहीत. शिवाय एका सर्व्हरचा निरोप दुसऱ्यावरच्या जोडण्यांना पोहोचायला मध्ये रेडिससारखा ॲडॅप्टर (सर्व्हरांना जोडणारा दुवा) लागतोच.

निरोपाचं वाक्य तयार करून साठवू नका. निपाणीच्या एकाला मराठी हवं असतं, चिकोडीच्या दुसऱ्याला कन्नड. प्रकार आणि आकडे साठवा, वाक्य पाठवताना त्याच्या भाषेत जुळवा. वेब पुशमध्ये, म्हणजे पान बंद असतानाही ब्राउझरमार्फत येणाऱ्या नोटिफिकेशनमध्ये, साधारण 4 केबीच मावतात, आणि देवनागरी असो की कन्नड, यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. नुसत्या 'बटाटा'ला 15. लांबलचक पावती पुशमधून पाठवायचा हट्ट सोडा.

पान उघडताच नोटिफिकेशनची परवानगी मागू नका. एकदा 'ब्लॉक' दाबलं की तुम्हाला पुन्हा विचारता येत नाही. आयफोनवर वेब पुश आयओएस 16.4 पासून आहे, तेही ॲप होम स्क्रीनवर जोडलं असेल तरच. पाठवताना 404 किंवा 410 (आता अस्तित्वात नाही) असं उत्तर आलं तर ते सबस्क्रिप्शन, म्हणजे त्या ब्राउझरचा पुशचा पत्ता, डेटाबेसातून काढून टाका.

एक मात्र आम्हाला उशिरा सुचलं. पुशचं सबस्क्रिप्शन ब्राउझरचं असतं, लॉगिनचं नाही. बापानं लॉगआउट केलं, त्याच फोनवर मुलानं लॉगिन केलं, तरी बापाचे दर येतच राहिले. आता लॉगआउट दाबलं की आधी सबस्क्रिप्शन निघतं, मग सेशन. दर दिसायचे बंद का झाले, अशी पहिली तक्रार त्या मुलाचीच आली.