पाकीट आधी उलटं करून बघा
बिस्किटांचं हिरवं नाहीतर मातकट रंगाचं पाकीट, वर गव्हाची लोंबी आणि ठळक अक्षरात 'ओट्स' किंवा 'मल्टिग्रेन' दिसलं की हात आपोआप तिकडे जातो, डिझाइन त्यासाठीच असतं म्हणा. तर बिस्किटं घेताना पाकीट आधी उलटं करा आणि घटकांची यादी वाचा, त्यात वजनाने जे जास्त ते पहिलं लिहावं लागतं, म्हणजे सुरुवातच मैद्याने (रिफाइन्ड व्हीट फ्लोअर म्हणजे मैदाच हो!), मग साखर, पाम तेल आणि ओट्स पार शेपटाला असतील तर काय ते समजून जा. साखरेचा आकडा १०० ग्रॅमचाच धरा, साधारण ४ ग्रॅमला एक चमचा. 'प्रति सर्व्हिंग'वाला छोटा आकडा बघून खूश होऊ नका, चहासोबत दोन बिस्किटांवर कोण थांबतं?