नववीतल्यांचे रिव्ह्यू: भाषा कशी तपासायची

मी पंचवटीत नववी-दहावीला मराठी शिकवते. आवडीच्या खाण्याचा रिव्ह्यू लिहा म्हटलं की निम्मा वर्ग मिसळीवर लिहितो. ते सोयीचंच आहे; विषय एकच असला की ज्याची त्याची भाषा उठून दिसते.

लाल पेन आधी बाजूला ठेवा, शुद्धलेखन नंतर बघता येतं. प्रत्येक वाक्यातलं क्रियापद अधोरेखित करा. एकीने लिहिलं होतं, "रस्सा एकदम झणझणीत. मटकी मऊ. पापड एक नंबर." क्रियापद एकही नाही, नुसती मतं. दुसऱ्याचं बघा: "रविवारी गेलो. खूप गर्दी होती. मग नंबर लागला. मग मिसळ आली. पप्पा बाहेरचं फार खात नाहीत, पण त्यांनी तीनदा रस्सा मागवला. मस्त होती."

याला सरसकट "मग-मग काय लावलंय?" म्हणणं अन्याय आहे. विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वॉलेत्स्की या भाषा-अभ्यासकांनी १९६७ मध्ये माणसं स्वतःवर गुदरलेली गोष्ट तोंडी कशी सांगतात ते तपासलं. आधी प्रसंगाची माहिती, मग घडामोडी, मग शेवट. आणि यात कुठेतरी सांगणाऱ्याचं मूल्यमापन, म्हणजे ही गोष्ट का ऐकावी त्याचं उत्तर. या मुलाचं मूल्यमापन "मस्त होती" मध्ये नाही, ते पप्पांच्या वाक्यात आहे. एक विशेषण न वापरता त्याने मिसळीची चव सांगितली. "मग"ची साखळीही नेमकी तिथेच तुटते आणि "पण" येतो. म्हणून मी "पण", "तरी", "कारण" यांना गोल करते. मुलांचं खरं मत बहुतेक वेळा त्यांच्या आसपास सापडतं.

पुढे मत कोणाच्या नावावर आहे ते बघा. "मला आवडली" म्हणणारा आपल्यापुरतं बोलतो, "भारी आहे" म्हणणारा जगासाठी निकाल देतो, "एकदा जाच" म्हणणारा वाचणाऱ्याचा हात धरतो. एकाच रिव्ह्यूत तिन्ही आले तर क्रम टिपून ठेवा. "बोअर झालं", "ट्राय केलं" हे खोडू नका. वाक्य चालवणारं क्रियापद मराठीच आहे.

वही परत देताना गुणांच्या आधी पप्पांचं वाक्य दाखवा आणि सांगा, "आता इथून सुरू करून लिही."